मेयो आणि सॅम: २०२६ मध्ये तरी?

पश्चिमवारा
राम राम मंडळी. लीग सुरू व्हायला अजून सहा आठवडे आहेत, इकडे कासलबारमध्ये साडेचारलाच अंधार पडतोय, हीटरचं बिल बघवत नाही, तेव्हा म्हटलं आता काढूच हा धागा. आयर्लंडातले बरेच जण इथे आहेत आणि गेल्या वर्षी क्रिकेटच्या धाग्यावर आपण गेलिक फुटबॉलवर घसरलो होतो तेव्हा संपादकांनी ओरडून बाहेर काढलं होतं.

प्रश्न सरळ आहे. २०२६ च्या चॅम्पियनशिपमध्ये मेयो कुठपर्यंत जाईल? कारणासकट सांगा. 'शाप आहे' हे कारण चालणार नाही.

माझं मत आधी देतो. क्वार्टर फायनल, बस. २०२५ ला आपण घरच्या मैदानावर कॅव्हनकडून हरलो, मग ओमाला जाऊन टिरोनला हरवलं (हे असं फक्त मेयोच करू शकतं), आणि शेवटी डॉनेगलशी बरोबरी जरी झाली असती तरी पुढे गेलो असतो, तर अगदी शेवटच्या सेकंदाला किअरन मूरने पॉइंट मारला. ०-१९ विरुद्ध १-१५. एका पॉइंटाने घरी. मॅनेजर मॅकस्टे तब्येतीमुळे मधेच रजेवर, रॉचफर्डने धुरा घेतली, आणि हरल्यावर सगळी मॅनेजमेंटच बदलली. आता ॲण्डी मोरान आलाय. माणूस आपला आहे, पण पोरं तीच आहेत.

शेजारचे आजोबा ८० वर्षांचे आहेत. मेयोने शेवटचा कप जिंकला तेव्हा, म्हणजे १९५१ ला, ते सहा वर्षांचे होते. त्यांना मॅच आठवत नाही, रेडिओभोवती उभ्या असलेल्या माणसांचे फक्त पाय आठवतात. काल त्यांना विचारलं, यंदा काय वाटतं? त्यांनी शेडचं दार उघडून आत बघितलं, हिरवा-लाल झेंडा जिथे ठेवतात तिथे, आणि म्हणाले उंदराने कोपरा खाल्लाय, शिवायला टाकतो.

निळी_भिंत
पहिला! डब्लिनकरांच्या वतीने हार्दिक सहानुभूती. दरवर्षीप्रमाणे.

पश्चिमवारा
आलास का. दोन वर्षांत तुमचंही काही खरं नाहीये, उगाच भिंत भिंत करू नकोस.

चारआणे
मी पुण्याहून. मेयो म्हणजे सँडविचमध्ये घालतात ते का? आणि सॅम कोण? खरंच माहीत नाही म्हणून विचारतोय, हसू नका.

ढगाळ_हवामान
हसत नाही, सांगतो. मी गॉलवेला असतो, म्हणजे मेयोचा सख्खा शेजारी आणि सख्खा वैरी, तरी प्रामाणिकपणे सांगेन.

मेयो ही आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची काउंटी, आपल्या जिल्ह्यासारखी. सॅम म्हणजे सॅम मॅग्वायर कप, ऑल-आयर्लंड चॅम्पियनशिप जिंकणाऱ्याला मिळतो. खेळ असा की १५-१५ जण, बॉल गोल, हातात घेता येतो पण चार पावलांत एकदा जमिनीवर टप्पा मारायचा नाहीतर पायाने टोलवून परत हातात घ्यायचा. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखा. आडव्या दांडीच्या खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे ३ पॉइंट. दांडीवरून गेला तर १ पॉइंट. म्हणून स्कोअर १-१५ असा लिहितात: १ गोल आणि १५ पॉइंट, एकूण १८. २०२५ पासून नवीन भानगड, ४० मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारला तर २ पॉइंट.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणालाही पगार नाही. ऐंशी हजार लोकांसमोर क्रोक पार्कला फायनल खेळलेला माणूस सोमवारी शाळेत भूगोल शिकवायला हजर. खेळाडू विकत घेता येत नाहीत. ज्या गावचा क्लब, त्या काउंटीकडून खेळायचं, संपलं.

चारआणे
पगार नाही???? मग खेळतात कशासाठी

खडूस_आत्या
आमच्या गावातली कबड्डीची टीम कशासाठी खेळायची? शर्टावर गावाचं नाव असतं म्हणून. शिवाय मॅच झाल्यावर फुकट वडापाव असायचा.

किंगडमकर
केरी काउंटीतल्या ट्रॅलीहून नमस्कार. आमच्याकडे ३९ कप आहेत, ३९ वा २०२५ च्या जुलैत आला, डॉनेगलला १-२६ विरुद्ध ०-१९. त्यामुळे या धाग्यावर मी फक्त पाहुणा म्हणून बसतो, चहा असेल तर द्या.

मेयोबद्दल एकच सांगतो. २०२५ ला आम्ही क्वार्टर फायनलला आर्माविरुद्ध हाफ टाइमनंतर ओळीने १४ पॉइंट मारले, मधे त्यांचा एकही नाही. नव्या नियमांत मॅच अशी पंधरा मिनिटांत फिरते. तुमच्या टीममध्ये अशी पंधरा मिनिटं काढणारं कोण आहे? रायन ओ'डोनह्यू सोडून नाव सांगा.

पश्चिमवारा
किंगडमकर, चहा नाही मिळणार. पण मुद्दा तोच आहे माझा. फॉरवर्ड कमी पडतात. ओ'डोनह्यूला दोघं चिकटले की आपण थंड.

आकडेमोड
इथे जरा थांबा. सगळे फॉरवर्ड फॉरवर्ड करताय, पण नवीन नियमांनी खेळ कुठे बदललाय ते बघा. आधी गोलकीपर किकआउट (बॉल परत खेळात आणणारी किक) बाजूला छोटी द्यायचा आणि मग टीम हातातून हातात, हातातून हातात, मुंगीसारखी वर सरकायची, समोर १४ जण भिंत करून उभे. आता किकआउट ४० मीटरच्या कमानीबाहेर गेलीच पाहिजे, आणि दोन्ही टीमचे किमान तीन जण समोरच्या अर्ध्या भागात थांबलेच पाहिजेत. म्हणजे बॉल उंच येणार, मिडफिल्डला उडी मारून पकडावा लागणार किंवा खाली पडलेला उचलावा लागणार. जो तिथे जिंकतो तो पळत सुटतो आणि समोर जागा मोकळी. केरीचे ते १४ पॉइंट डेव्हिड क्लिफर्ड एकट्याने नाही मारले, आर्माच्या किकआउट एकामागून एक खाल्ल्या म्हणून ते झाले.

तर प्रश्न फॉरवर्डचा नाही, आपला गोलकीपर कोल्म रीपची किकआउट कुठे पडते आणि तिच्याखाली मिडफिल्डचे रुएन आणि फ्लिन किती वेळा पहिले पोचतात, हा आहे. माझ्या मते इथे मेयो वाईट नाही. मॅथ्यू रुएन मोकळ्या मैदानात सुटला की बघायला मजा येते. म्हणून माझा अंदाज तुमच्यापेक्षा एक पायरी वर, सेमीफायनल.

किंगडमकर
+१, किकआउटबद्दल शंभर टक्के. (सेमीफायनलबद्दल नाही.)

निळी_भिंत
आकडेमोड साहेब, सेमीफायनलला आमच्याशी गाठ पडली तर?

आकडेमोड
२०२१ ला पडली होती. एक्स्ट्रा टाइममध्ये ०-१७ विरुद्ध ०-१४. तुमची चॅम्पियनशिपमधली ४५ मॅच न हरण्याची मालिका तिथेच संपली. आठवतंय ना?

निळी_भिंत
नाही आठवत, त्या दिवशी माझं नेट गेलं होतं.

आईची_शिट्टी
बॅलिनाहून. मुलगा आठ वर्षांचा, गेल्या वर्षी क्लबात घातला. शनिवारी सकाळी दहा वाजता, आडवा पाऊस, त्याच्या गुडघ्यापर्यंत आलेला हिरवा टीशर्ट आणि मी छत्रीत थर्मास घेऊन. इतक्या लहान मुलांच्या सामन्यांत स्कोअर ठेवत नाहीत, सगळ्यांना सारखं खेळायला देतात, तर हा घरी येऊन बाबाला सांगतो आपण ७-४ ने जिंकलो. मग मोजलं कोणी? तर सगळ्या पोरांनी गुपचूप मोजलेलं. कोचलाही माहीत होतं :)

मुद्द्याचं: त्याने मला मागच्या आठवड्यात विचारलं, आई मेयो हरतं का नेहमी? काय उत्तर देऊ? म्हटलं मुलींची टीम जिंकलीये की. १९९९, २०००, २००२, २००३, चार वेळा ऑल-आयर्लंड. हे इथल्या पुरुषमंडळींना कधी आठवत नाही. १९५१, १९५१ करत बसतात.

खडूस_आत्या
शिट्टीताई, जोरात वाजवा. शाप फक्त पुरुषांनाच लागला वाटतं.

चारआणे
शापाचं काय आहे ते तरी सांगा, सगळे अर्धवट बोलताय

पश्चिमवारा
मी नाही सांगणार, पहिल्याच पोस्टमध्ये बंदी घातलीये.

ढगाळ_हवामान
मी सांगतो, मी गॉलवेचा, मला मजा येते.

१९५१ चा कप जिंकून टीम ट्रकवर बसून घरी येत होती. फॉक्सफर्ड गावात एक अंत्ययात्रा चालली होती, यांनी थांबून मान दिला नाही, नाचत-गात तसेच पुढे गेले. पाद्री चिडला, म्हणाला या टीममधला शेवटचा माणूस जिवंत असेपर्यंत मेयोला कप मिळणार नाही. ही दंतकथा बरं का, त्या दिवशी तिथे अशी अंत्ययात्रा होती याचा काही पुरावा मिळत नाही. पण मग १९८९ ला फायनल हरले, १९९६ हरले, १९९७, २००४, २००६, २०१२, २०१३, २०१६, २०१७, २०२०, २०२१. अकरा फायनल. माणसं पुरावा विसरतात अशाने.

चारआणे
अकरा!!! बापरे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं ऐकलं होतं, इथे तर लग्न दर वर्षी लागतं आणि अक्षता पडायच्या आधी मोडतं.

निळी_भिंत
यातली २०१३, २०१६, २०१७ आमच्याकडून. तिन्ही एकेका पॉइंटाने. तीन फायनल, मिळून तीन पॉइंट. मी खरंच सांगतो, २०१७ ला शेवटच्या मिनिटाला डीन रॉक फ्री किक घेत होता तेव्हा ली कीगनने अंगातलं जीपीएसचं यंत्र काढून त्याच्या दिशेने फेकलं. रॉकने तरी मारला. मी डब्लिनचा, पण त्या क्षणी मला कीगनचं कौतुक वाटलं. जे हाताला लागेल ते.

पश्चिमवारा
२०१६ ला मी स्वतः होतो. पहिली फायनल, ड्रॉ झाली ती. सकाळी सहाला निघालो, अडीचशे किलोमीटर, ड्रमकाँड्राच्या गल्लीत गाडी लावली, मागची डिकी उघडली. इथली माणसं हॅम सँडविच खातात डिकीत बसून, आम्ही थालीपीठ आणि दही. शेजारच्या गाडीतल्या काकांना दिलं तर ते म्हणाले हे तिखट आहे, अजून एक द्या. आत गेलो. आणि पहिल्या अर्ध्या तासात मेयोने दोन गोल खाल्ले, दोन्ही स्वतःच्याच खेळाडूंच्या अंगाला लागून. दोन्ही स्वयंगोल! मॅकलॉक्लिन आणि बॉयल. दोन स्वयंगोल खाऊनही बरोबरी केली, बोला. परत येताना गाडीत कोणी बोललं नाही, लाँगफर्डला पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा बायको म्हणाली, "थालीपीठं संपली." एवढंच.

रीप्लेमध्ये पुन्हा एका पॉइंटाने हरलो. तिकडे गेलोच नाही.

आकडेमोड
बरं, एक खेळ खेळू. तिन्ही मॅचमध्ये कमानीबाहेरच्या किकला २ पॉइंट असते तर?

निळी_भिंत
तर आमच्या डायर्मड कॉनोलीने अजून जास्त मारले असते. पुढे.

वाचनमात्र
सदस्य होऊन नऊ वर्षं झाली, पहिलीच प्रतिक्रिया. शाप संपलाय हो. १९५१ च्या टीममधले शेवटचे पॅडी प्रेंडरगास्ट २०२१ च्या सप्टेंबरमध्ये गेले, टिरोनविरुद्धच्या फायनलनंतर पंधरा दिवसांनी. तेव्हा इथे सगळे म्हणाले चला, आता मोकळे.

पण त्यानंतर काय झालं बघा. २०२२ क्वार्टर फायनलला बाहेर. २०२३ क्वार्टर फायनलला बाहेर. २०२४ ला त्याच्याही आधीच्या फेरीत, कासलबारलाच, डेरीकडून पेनल्टीवर. २०२५ गटातच गारद. एकदाही सेमीफायनल नाही. शाप होता तेव्हा निदान फायनलला तरी पोचत होतो.

पश्चिमवारा
नऊ वर्षांनी आलात आणि थेट काळजात सुरी.

खडूस_आत्या
😂😂 वाचनमात्र, तुम्ही परत वाचनमात्र व्हा बघू

किंगडमकर
धाग्याचा आजचा मॅन ऑफ द मॅच ठरला.

आईची_शिट्टी
नाही पण यात एक खरं आहे. त्या दहा वर्षांत ती एक विशिष्ट पिढी होती. कीगन, कीथ हिगिन्स, बॉयल, अँडी मोरान, किलियन ओ'कॉनर, ओ'शे. एकत्र वाढलेली. ती संपली आणि आपण अजून त्याच पिढीची अपेक्षा नव्या पोरांच्या डोक्यावर ठेवतोय. माझ्या मुलाच्या क्लबातला कोच हेच म्हणतो, या पोरांना एक वर्ष कोणी फायनलबद्दल विचारू नका.

ढगाळ_हवामान
ओ'शेबद्दल काय?

पश्चिमवारा
पुढचा प्रश्न.

ढगाळ_हवामान
हाहा, ठीक. पण त्याच्यावर इतकं तोंडसुख घेतात लोक, मला पटत नाही. २०१२ ते २०२१ सहा फायनल खेळला, सहाही हरला, आणि २००९ पासून टीममध्ये आहे. मी गॉलवेचा असून सांगतो, आमच्याकडे असता तर पुतळा उभा केला असता.

खडूस_आत्या
अवांतर: मोरान बॅलहाडरीनचा ना? ते गाव तर रॉसकॉमनमध्ये आहे म्हणे. मग मेयोचा कसा?

ढगाळ_हवामान
बरोबर पकडलंत. १८९८ च्या कायद्याने हद्द बदलली, गाव मेयोतून रॉसकॉमनमध्ये गेलं. पण क्लब आजतागायत मेयोकडूनच खेळतो.

चारआणे
म्हणजे त्यांचाही सीमाप्रश्न आहे!

ढगाळ_हवामान
हो, फक्त बसगाड्यांना काळं फासत नाहीत. मेयो-रॉसकॉमन मॅचच्या आठवड्यात त्या गावात अर्ध्या घरांवर एक झेंडा आणि अर्ध्यांवर दुसरा, एवढंच.

खडूस_आत्या
आणि लिओ वराडकर कोणत्या टीमचे? मूळ मालवणजवळच्या वराडचे ना वडील, आमच्याकडे अजून सांगतात, आपला माणूस तिकडे पंतप्रधान झाला.

निळी_भिंत
ते डब्लिनचे. म्हणजे कोकण निळं आहे आत्या, स्वीकारा. आणि राजकारण निघालंच तर, हे जे नवे नियम आहेत ते बनवणाऱ्या समितीचा अध्यक्ष जिम गॅविन, आमचा पाच सलग कपांचा मॅनेजर, २०२५ ला राष्ट्रपतिपदाला उभा राहिला आणि प्रचारातून मधेच बाहेर पडला. नियम मात्र टिकले.

पश्चिमवारा
संपादक येतील हं. मूळ प्रश्नावर या.

रुईस्लिपचा_शेजारी
आलो! लंडनहून. कोणाच्या लक्षात आलंय का की २०२६ ला कॉनॉटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या प्रांताच्या, चॅम्पियनशिपमध्ये मेयोला पहिली मॅच लंडनशी आहे, आणि ती इथे, रुईस्लिपला, माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर? पाच-पाच वर्षांनी मेयोची पाळी येते. २०११ ला मी बघायला गेलो होतो. छोटंसं मैदान, एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला शेत, क्रोक पार्क विसरा. आणि लंडनच्या पोरांनी, ज्यातले बरेच बांधकामावर काम करून संध्याकाळी सराव करणारे, मेयोला एक्स्ट्रा टाइमपर्यंत ओढलं. माझ्या बाजूला एक मेयोवाले आजोबा उभे होते, दोन्ही हातांनी टोपी पिळत होते, पाणी निघावं तशी. शेवटी मेयो जिंकलं तर त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले "आता सप्टेंबरपर्यंत ठीक".

म्हणजे सांगायचं काय, तुम्ही क्वार्टर की सेमी करताय, आधी रुईस्लिप पार करा.

पश्चिमवारा
अरे हे मी मुद्दामच नव्हतं काढलं. झोप उडते.

आकडेमोड
लंडनला हरणार नाही, घाबरू नका. पण फॉरमॅट बदललाय ते महत्त्वाचं. साखळी गट गेले. आता प्रांतीय फायनलला पोचलेल्या आठ टीम पहिल्या फेरीत घरच्या मैदानावर, उरलेल्या आठांविरुद्ध. पहिल्या फेरीत हरलात तरी अजून एक संधी, त्यात हरलात की बाहेर. म्हणून कॉनॉट फायनल गाठणं याला आता किंमत आहे, आधी लोक म्हणायचे प्रांत हरलो तरी काय फरक पडतो. गॉलवेने चार वर्षं ओळीने कॉनॉट नेलंय, तेव्हा फायनलला पोचलो तरी पुरे.

ढगाळ_हवामान
पाचवं पण नेणार. नोंद घ्या.

किंगडमकर
आणि मेयोच्या एका पोराचं नाव कोणी घेतलं नाही अजून. कोबी मॅकडॉनल्ड. क्रॉसमोलिनाचा, किअरन मॅकडॉनल्डचा मुलगा. वय शाळेचं. ऑस्ट्रेलियाच्या सेंट किल्डाने (तिकडचा पगारी फुटबॉल क्लब) उचललाय, पण २०२६ चा मोसम तो मेयोकडूनच खेळणार, मग जाणार.

पश्चिमवारा
हो, आणि म्हणूनच मी त्याचं नाव घेत नव्हतो. आपण एका वर्षासाठी पोरावर जीव लावायचा आणि मग विमानतळावर रुमाल हलवायचा. ओशिन मलिनचं झालं ना तेच, जिलाँगला गेला. पगार नाही म्हणून इकडे सगळे अभिमानाने सांगतो, आणि त्याच कारणाने चांगलं पोरगं सतरा-अठराव्या वर्षी दुसऱ्या गोलार्धात जातं. त्याला दोष कोण देणार? मी स्वतः पोटासाठी साताऱ्याहून इथे आलोय.

खडूस_आत्या
हे मात्र खरं बोललास. तू तिकडे, तो अजून तिकडे.

निळी_भिंत
कोबीच्या बापाची आठवण: २००६ ची सेमीफायनल. मेयोवाले वॉर्मअपला थेट आमच्या हिल सिक्सटीनच्या, म्हणजे डब्लिनवाल्यांच्या स्टँडच्या, समोर जाऊन उभे राहिले. धिटाई बघा, आमच्या अंगणात. मग आम्ही सात पॉइंटांनी पुढे, मी मित्रांना फोन करून फायनलच्या तिकिटांचं विचारतोय. आणि शेवटी तो किअरन मॅकडॉनल्ड, सोनेरी केस, डाव्या पायाने, कडेवरून, अशी उलटी वळवून मारली. एका पॉइंटाने हरलो. मला त्या किकचा आवाज आठवतो. आवाज, बरं का. टिकिटं रद्द करायला पुन्हा फोन करावा लागला तो वेगळा.

किंगडमकर
आणि मग फायनलला आम्ही त्यांना १३ पॉइंटांनी. ४-१५ विरुद्ध ३-५.

पश्चिमवारा
कोणी विचारलं होतं का?

वाचनमात्र
दुसरी प्रतिक्रिया, सवय लागतेय. माझा अंदाज: मोरानला पहिल्या वर्षी लीगमध्ये टिकणं हेच काम आहे. डिव्हिजन एकमध्ये केरी, डॉनेगल, गॉलवे, डब्लिन, आर्मा, मोनहन, रॉसकॉमन. यात कोणालाही सहज हरवू अशी टीम नाही. आणि लीग जिंकून काही होत नाही हे २०२३ ला बघितलंच, लीग फायनल जिंकलो, आठवड्याभरात रॉसकॉमनकडून कॉनॉटमध्ये हरलो. मग त्याच उन्हाळ्यात किलार्नीला जाऊन केरीला हरवलं. ये रे माझ्या मागल्या.

किंगडमकर
ते किलार्नीचं काढायची काही गरज नव्हती.

आईची_शिट्टी
मला वाटतं क्वार्टर फायनल. पण पोराला मी सेमी सांगितलंय. त्याला स्वतःला विचारलं तर तो म्हणतो फायनल आणि ९-२ ने जिंकणार, आणि स्कोअर तो मोजणार.

आकडेमोड
पोराचं नाव मतदानात धरा. आत्तापर्यंत: पश्चिमवारा क्वार्टर, शिट्टीताई क्वार्टर, मी सेमी, आठ वर्षांचा मुलगा चॅम्पियन. केरी, डब्लिन, गॉलवेवाल्यांची मतं रद्द.

ढगाळ_हवामान
हरकत. माझं मत प्रामाणिक आहे. डरकन पूर्ण फिट राहिला, मॅकब्रायन मागे टिकला आणि कोणीतरी दुसरा, टॉमी कॉनरॉय म्हणा, रोज चार पॉइंट देऊ लागला तर क्वार्टरला कोणाशीही टक्कर देतील. तिथून पुढे ड्रॉ कसा पडतो त्यावर. दोन पॉइंटवाली किक मात्र त्यांनी शिकायला हवी, वाऱ्यात कासलबारला ती मारून दाखवली तर कुठेही मारतील.

पश्चिमवारा
ढगाळ, वैरी असून इतकं बरं बोललास, संशय येतो. आज संध्याकाळी मॅकहेल पार्कवरून चालत आलो. मैदान रिकामं, दिवे बंद, बाहेरच्या रस्त्यावर एक पोरगा एकटाच बॉल घेऊन, रस्त्याच्या दिव्याखाली, भिंतीवर खडूने आडवी रेघ मारलेली, तिच्यावरून मारायचा प्रयत्न करत होता. पाच मिनिटं उभा राहिलो. सहापैकी दोन गेले. त्याने माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, वारा आहे. बरोबर आहे, वारा होताच.

माझं मत बदलत नाही, क्वार्टरच.

रुईस्लिपचा_शेजारी
बरं ते राहू दे, रुईस्लिपला कोण कोण येतंय? माझ्या घरी चार जण झोपू शकतात, पाचवा सोफ्यावर. घोरणाऱ्याला सोफा.

पश्चिमवारा
मी आणि बायको. आजोबांनाही विचारतो, झेंडा शिवून झाला असेल तोवर.

खडूस_आत्या
थालीपीठं कोण आणणार?

पश्चिमवारा
बायको म्हणते यावेळी जास्त करते. २०१६ ला कमी पडली होती.

निळी_भिंत
मी पण येतो. फक्त थालीपीठासाठी. निळा शर्ट घालणार नाही.

आईची_शिट्टी
घालून दाखव, पोरगा शिट्टी वाजवेल.